व्याह्यासाठी राखून ठेवलेलं गाणं

लग्नात वरपक्ष जेवायला बसला की नवरीकडच्या बायकांनी गाण्यातून शिव्या द्यायच्या आणि त्यांनी हसत जेवायचं, ही गोंडपिपरीकडची रीत. कलाबाईसारख्या शिव्या आसपासच्या दहा गावांत कुणाला जमत नव्हत्या. २००६ साली भाचीच्या लग्नात तिनं नवरदेवाच्या मामाचे, वरोऱ्याकडच्या बापूरावांचे, रंगवलेले केस गाण्यात घेतले. बापूराव ताटावरून उठले आणि तिच्या थोबाडीत मारली. मांडवात कुणी काही बोललं नाही. लग्न होतं ना.

त्या दिवसापासून तिचं तोंड एक बोटभरच उघडायचं. क्ष-किरणात हाड शाबूत दिसलं, म्हणून घरचे म्हणाले, ढोंग करते. दोन वर्षं ती आंबील आणि कालवलेला भात खात राहिली.

मग बातमी आली. शेजारच्या लटारूभाऊंच्या मंजुषाचं लग्न ठरलं होतं, बापूरावांच्याच मुलाशी, प्रणितशी. कलाबाईनं त्याच आठवड्यात नागपूर गाठलं.

तिथल्या डॉक्टरांनी गालाच्या आतून बोट दाबलं, तशी ती कळवळली. "कानशिलावरून उतरून जबड्याला धरणारी दोरी असते, ती दुखावलीय. तुमचंच रक्त घेऊन यंत्रात फिरवू. जखम भरणाऱ्या पेशी, प्लेटलेट, वेगळ्या काढून तिथे टोचू. सगळ्यांना गुण येतोच असं नाही."

"वैशाखातल्या लग्नापर्यंत गुण येईन का? मले गाणं म्हणाचं हाये."

डॉक्टर हसले. ती हसली नाही.

दोनदा सुई टोचून घेतली. रोज सकाळी आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायची. चैत्रात नऊ काड्या मावल्या, लग्नाच्या आदल्या आठवड्यात सतरा.

लटारूभाऊ हात जोडून आले. "बाई, यावेळी राहू दे. पोरीले त्याच घरात नांदाचं हाये."

"दोन साल मी गप्पच होती ना, भाऊ."

मागून मंजुषा म्हणाली, "तू गाणं म्हण, आत्या. माह्या मागं कोणी हाये, हे त्याईले आजच दिसू दे. बाबाचं तं तोंड असून नसल्यासारखंच हाये."

पंगत बसली. कलाबाई बापूरावांच्या बरोब्बर समोर उभी राहिली.

"व्याही आला पहेलवान, सांगा याची कुस्ती,
मांडवातल्या बाईवर दाखवली होती मस्ती!"

बायकांनी ओळ उचलली. बापूरावांचा घास हातातच राहिला. त्यांच्याच बाजूचे म्हातारे हसू लागले, एकानं विचारलं, "काऊन बापू, खरं हाये का?" अर्ध्या ताटावरून व्याही उठला, तर पोराच्या लग्नाची शोभा होणार. ते उठले नाहीत. हसण्यासाठी त्यांनी ओठ ताणले आणि घास तोंडात घातला.

कलाबाईच्या कानशिलात ठणका उठला होता. तिनं दुसरं कडवं धरलं, तिसरं धरलं, दर वेळी तोंड पहिल्यापेक्षा मोठं उघडून. ताट रिकामं होत आलं तसं तिनं वाढणाऱ्या गुलाबला हाक मारली, "अरे, व्याह्याले बुंदी वाढ. पोट नाई भरलं त्याचं."