जांभळ्यांना दिलेला शब्द

ज्ञानेशने माण जांभळ्यांना देऊन टाकलं, असं वजीरभाई मुलाणी मला पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा मला तो जमिनीचा व्यवहार वाटला. माणला आयटी पार्क वाढत गेल्यापासून तिथे कोणी ना कोणी कोणाला तरी जमीन देतच असतं, आणि जांभळे आडनावाचा एखादा बिल्डर असायलाही हरकत नाही. मी गुंठ्याचा भाव विचारला. वजीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. आमची कंपनीची बस तेव्हा मोशीच्या चौकात उभी होती. त्या चौकात ते रोजच तसं तोंड फिरवून बसतात, पण त्यामागे काही असेल असं मला वाटलं नव्हतं.

माण हा ग्रह आहे आणि जांभळे हे परग्रहावरचे लोक आहेत, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. कळून फारसा फायदा झाला नाही.

वजीरभाई मूळचे करमाळ्याचे. आमच्याकडे प्रेस शॉपला सुपरवायझर आहेत, मी क्वालिटीला. चिंचवडहून आम्ही दोघं एकाच सीटवर बसून चाकणला जातो. कंपनीत ते हँडओव्हरसाठी प्रसिद्ध आहेत. शिफ्ट बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला सगळं तोंडी सांगायचं, कुठला डाय त्रास देतोय, कुठल्या मशिनचं तेल गळतंय, आणि येणाऱ्याने ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, हा त्यांचा कायदा. नुसतं 'हं' त्यांना चालत नाही. ऐकणाऱ्याने हं म्हटलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. त्यांच्या या छंदापायी आमची बस कित्येकदा खोळंबली आहे, आणि मी त्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या आहेत.

तर हा माणूस पोरसवदा वयात चिंचवड गावठाणात एका खोलीत राहायचा. सोबत केजचा ज्ञानेश आणि जुन्नरकडचा भिमाजी. तिघांच्या कंपन्या वेगळ्या, शिफ्ट वेगळ्या. तिघांनी मिळून एक जुना कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यावर एक गेम होता. त्याचं नाव इंग्रजी आणि लांबलचक, म्हणून ते त्याला नुसतं 'तारे' म्हणत. आकाशभर तारे, त्यांच्याभोवती ग्रह, आपण एका ग्रहापासून सुरुवात करायची आणि राज्य वाढवत न्यायचं. यात मारामारीची घाई नसते. बटण दाबलं की एक वर्ष पुढे सरकतं, आणि नाही दाबलं तर जग थांबून राहतं.

थांबून राहतं म्हणूनच या तिघांना ते सोयीचं होतं. त्यांनी तिघांत मिळून एकच राज्य चालवलं, तेही शिफ्टमध्ये. जो खोलीवर असेल तो राजा. ड्यूटीला निघताना राज्य पुढच्याच्या हवाली करून जायचं. ग्रहांना त्यांनी आपल्याच भागातली नावं दिली होती, चिंचवड, देहू, भोसरी, आणि सगळ्यात श्रीमंत, खाणींनी भरलेला, तो माण. भिमाजीला कारखाने उभारायची हौस, वजीरभाईंना जहाजांची, आणि ज्ञानेशला शेजाऱ्यांशी बोलण्याची. जांभळ्या रंगाचे ते शेजारी बलाढ्य होते. ज्ञानेश त्यांना गोडीत ठेवायचा.

एका आठवड्यात वजीरभाईंची नाइट होती आणि ज्ञानेशची सेकंड शिफ्ट. दुपारी ज्ञानेश ड्यूटीला गेला, वजीरभाई झोपेतून उठून खेळायला बसले, आणि थोड्याच वेळात माण जांभळं झालं. त्यामागोमाग राज्य कोसळलं. ज्ञानेशने त्यांना न विचारता सौद्यात माण देऊन टाकलं, अशी वजीरभाईंची खात्री पटली. त्यांनी त्याला जाब विचारला नाही, भांडण केलं नाही. बोलणं बंद केलं, खोली सोडली आणि पुढची वीस वर्षं ज्ञानेशचं नाव घेतलं नाही. लग्न झालं, मुलगी झाली, कॉलेजात गेली, तरी नाही. हे ऐकून मी त्यांना स्पष्ट सांगितलं की हा वेडेपणा आहे. ते म्हणाले, तुम्ही खेळलेले नाही.

आता त्या गेमची नवी आवृत्ती निघाली आहे. मुलीच्या, जिकराच्या, लॅपटॉपवर त्यांनी ती विकत घेऊन टाकली आणि चारच दिवसांत चिडून बसमध्ये आले. लोक गेमखाली आपलं मत लिहितात, तसं त्यांनाही लिहायचं होतं, आणि कंपनीचे ऑडिट रिपोर्ट इंग्रजीत लिहितो म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. लिहायच्या आधी दुसऱ्यांची मतं वाचावीत म्हणून मी वाचायला बसलो, आणि माझं डोकंच चालेना. एकाने लिहिलं होतं, हा अगदी जुन्यासारखाच आहे, मग नवा कशाला काढला. त्याच्या खालचा म्हणत होता, यात जुन्याचं काही म्हणता काही उरलेलं नाही. एकाला शत्रू फार हुशार वाटत होते, एकाला बावळट. एका गृहस्थाने शेकडो तास खेळून झाल्यावर लिहिलं होतं की वेळ वाया घालवू नका. भिमाजीने वजीरभाईंना फोनवर आपलं मत कळवलं ते असं, की कारखाने आता आपोआप चालतात, मग मी काय करू.

वजीरभाईंची तक्रार एकच होती. हा गेम सारखं विचारतो. जुन्यात आपण हुकूम दिला की जहाजं निघायची. नव्यात मध्येच शेजारच्या कुठल्यातरी राज्याचा वकील पडद्यावर येतो आणि म्हणतो, नक्की पाठवायची का, विचार केलात का. आम्ही काय दूधखुळे आहोत का, असं वजीरभाईंचं म्हणणं. खेळाडूने आपलं आपण लक्षात ठेवायचं असतं. मी ते सभ्य इंग्रजीत लिहिलं, खाली 'घेऊ नका' असं ठळक टाकलं. त्याला बऱ्याच लोकांनी पसंतीचे अंगठे दिले. वजीरभाई त्या दिवशी खुशीत होते.

त्याच आठवड्यात भिमाजीचा पुन्हा फोन आला, या वेळी मला. ज्ञानेशने नोकरी सोडली होती आणि गुरुवारी तो बिऱ्हाड घेऊन कायमचा केजला चालला होता. आपला वजीर ऐकत नाही, तुम्ही सांगून बघा, असं तो म्हणाला. ज्ञानेश मोशीला राहतो हेही मला तेव्हाच कळलं, चौकातल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. मग मला वजीरभाईंचं ते रोजचं तोंड फिरवणं समजलं. मी बसमध्ये विषय काढला. एकदा भेटून या, पुन्हा भेट होईल न होईल. ते म्हणाले, त्याने माण दिलं. मी म्हणालो, अहो, ते माण नव्हतंच कुठे. ते म्हणाले, आमचं होतं. मी चिडून डोळे मिटून घेतले.

गुरुवार म्हणजे आमच्याकडे सुट्टी. मी सकाळी निवांत पेपर वाचत होतो, तेवढ्यात वजीरभाईंचा फोन आला, लगेच या. आवाज असा होता की घरात कोणी आजारी आहे का, असं वाटलं. गेलो तर हसीनाभाभींनी दार उघडलं आणि आत बोट दाखवून कपाळाला हात लावला. वजीरभाई लॅपटॉपपुढे घाम पुसत बसले होते.

त्यांनी मला सगळं पुन्हा करून दाखवलं. नव्या डावात त्यांनी स्वतःच जांभळ्यांशी तह केला होता. त्यात शब्द दिला होता की माणच्या बाजूला आपली लढाऊ जहाजं येणार नाहीत. मग त्या गोष्टीचा त्यांना विसर पडला, आणि माण सुरक्षित राहावं म्हणून त्यांनी जहाजं तिकडे निघण्याचा हुकूम दिला. लगेच पडद्यावर जांभळा वकील आला. तुम्ही आम्हाला शब्द दिला होता, म्हणाला. जहाजं आली तर माण आमचं. नक्की पाठवायची का. वजीरभाईंनी नेहमीसारखं वैतागून 'हो' दाबलं होतं. जहाजं पोचली, एक घंटा वाजली आणि माण जांभळं झालं.

"हीच घंटा," ते म्हणाले. "तेव्हाही हीच वाजली होती."

मी म्हणालो, म्हणजे काय.

त्यांनी सांगितलं ते असं. त्या दुपारी झोपेतून उठल्यावर त्यांनी पहिलं काम केलं होतं ते जहाजं माणला पाठवायचं. पहाऱ्याला. जुन्या गेममध्ये वकील येत नव्हता, कोणी विचारत नव्हतं. तह ज्ञानेशने सकाळी केला असणार. मग त्याने हँडओव्हर दिला नाही का, असं मी विचारलं. वजीरभाईंनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले की ज्ञानेश निघताना हलवून काहीतरी सांगायचा, रोजच. नाइट करून आलेला माणूस दुपारी काय ऐकणार. आपण हं म्हणायचो.

मला कंपनीतला त्यांचा कायदा आठवला. गाडीची किल्ली घेतली.

मोशीला पोचलो तेव्हा इमारतीखाली टेम्पो भरून उभा होता. वर घर रिकामं झालेलं, आणि बनियनवर एक जाडसर माणूस कुलरला दोरी बांधत होता. वजीरभाईंना बघून दोरी त्याच्या हातातून सुटली. ये म्हणाला. वजीरभाई बसले नाहीत. लॅपटॉपची पिशवी पोटाशी धरून उभ्या उभ्याच त्यांनी सुरुवात केली, तह, जहाजं, वकील, घंटा, सगळं एका दमात. ज्ञानेशने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे मलाही विचारू नका.

"कोणतं माण?" ज्ञानेश म्हणाला.

"आपलं. खाणीवालं. मला वाटलं, तू देऊन टाकलंस. तू दिलं नव्हतंस, भावा. माझ्या जहाजांमुळे गेलं."

ज्ञानेश कुलरवरच बसला. त्याला काही केल्या संगती लागेना, हे दिसत होतं. "त्याच्यामुळं बोलत नव्हतास तू?" त्याने हळूच विचारलं. "एवढी वर्सं?"

"मग तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, तुझे अब्बा वारले तवा मी मय्यतीला आलो नाई म्हणून. सुट्टी मिळाली नव्हती. मंग तोंड दाखवायची लाज वाटली. रोज गॅलरीतून तुमची बस बघतो मी. तू तोंड फिरवतूस, ते बी बघतो. म्हटलं, बरोबरच हाय त्याचं."

वजीरभाईंचे अब्बा त्याच वर्षी गेले होते. त्यांनी आठवून आठवून पाहिलं आणि शेवटी खरं तेच सांगितलं, की मय्यतीला कोण होतं आणि कोण नव्हतं हे त्यांच्या लक्षातच नाही. ज्या गोष्टीसाठी तो इतकी वर्षं लाजत होता, ती समोरच्याच्या गावीही नव्हती, आणि ज्या गोष्टीसाठी समोरचा रुसला होता, ती याला आठवत नव्हती. मला दोघांचा सपाटून राग आला. वाईटही फार वाटलं. आता यात कोणी कोणाची माफी मागायची, हे मला अजून कळलेलं नाही.

माफी कोणीच मागितली नाही. ज्ञानेशने तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाला, दाखव तर तुझं माण. मग दोन पोक्त माणसं रिकाम्या खोलीत फरशीवर मांडी घालून बसली. लॅपटॉप मध्ये ठेवला. ज्ञानेश काही विसरला नव्हता, निदान त्याची बोटं तरी विसरली नव्हती. नव्या गेममधलं त्याला पाच मिनिटांत आवडलं, चित्रं छान आहेत म्हणाला. वजीरभाईंना ते पटलं नाही, आणि त्यावर दोघांचं थोडं वाजलंही. तह व्हायच्याही आधी, माण अजून आपलं होतं, तिथपासून वजीरभाईंनी डाव पुन्हा लावला होता. जहाजं आणि कारखाने सोडून ज्ञानेश आधी जांभळ्यांकडे गेला. बोलणी केली, तह केला.

खालून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मी खाली जाऊन त्याला चहा पाजला, पण चहाला किती वेळ लागणार. वर आलो तेव्हा ज्ञानेश उभा राहून शर्ट घालत होता.

"वजीर, निघतो. जांभळ्यांना शब्द दिलाय मी. माणकडं आपली जहाजं जाणार नाईत."

"जांभळ्यांना शब्द दिलाय," वजीरभाई म्हणाले. "माणकडे आपली जहाजं जाणार नाहीत."

ज्ञानेशने मान डोलावली, कुलर उचलला आणि जिना उतरला.

आता बस मोशीच्या चौकात थांबली की वजीरभाई वर बघतात. तिसऱ्या मजल्यावर नवे भाडेकरू आलेत, त्यांचे कपडे वाळत असतात. डाव मात्र हातातून चालला आहे. तह फक्त माणपुरता होता, जांभळ्यांनी देहू घेतलं, भोसरी घेतलं, आणि माणच्या बाजूने जहाजं नेल्याशिवाय त्यांना अडवायचा मार्गच नाही, असं ते स्वतःच सांगतात. मी विचारलं, तुमचं ते 'घेऊ नका' बदलू का. ते म्हणाले, नको, गेम खराबच आहे, तो जांभळा अजून सारखा विचारतो, पाठवायची का म्हणून. मी म्हणालो, मग एकदाची पाठवा की जहाजं, नाहीतरी हरताच आहात.

"कशी पाठवू, राव," ते म्हणाले. "ज्ञानेशने सांगितलं तेव्हा मी जागा होतो."