सिलतऱ्याचा रानमूग

रायपूर स्टेशनाबाहेर पाय ठेवला तेव्हा आभाळ मोकळं होतं, तरी ऊन मळकट दिसत होतं. कुसुमताई घ्यायला आल्या होत्या. इथल्या एका शीतगृहात कुरणातल्या शेंगवर्गीय वनस्पतींचं बी ठेवलेलं होतं, हजारावर नमुने. ताईंनी बरीच वर्षं गावोगाव हिंडून ते गोळा केले होते. आता शीतगृह बंद होणार होतं आणि पुण्याला आमच्या बीजपेढीत शंभर नमुन्यांपुरतीच सोय होती. ते निवडायला मी आलो होतो.

ताई मूळच्या भंडाऱ्याच्या. घरी त्यांनी चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) आणि टमाट्याची चटणी वाढली.

"पोटभर खा. मले काही घाई नाही," त्या म्हणाल्या. स्वतः मात्र चहावरच राहिल्या.

दोन दिवस नोंदवह्या चाळल्या. एका भागातले, सारख्या पानांचे, एकाच सुमारास फुलणारे नमुने एका गटात घालायचे आणि गटातून एकच उचलायचा. अशाने थोड्या पाकिटांत जास्तीत जास्त वेगळेपण टिकतं. मागे राहिलेली पाकिटं ताई पुन्हा ओळीने लावून ठेवत होत्या.

रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या रानमुगापाशी त्या अडल्या. तिथले दोन नमुने कागदावर अगदी सारखे होते.

"दोन्ही न्या."

"ताई, गट एकच आहे."

"एक पाणथळीतला, एक मुरमाडावरचा. तुमच्या वहीत तो रकानाच नाही, तर मी काय करू?"

जागेवर ताजं बी मिळालं तर प्रश्नच मिटेल, असं मी सुचवलं. दुसऱ्या दिवशी ऑटोने निघालो. ट्रकांच्या धुळीत समोरचं दिसेना. ताईंनी दाखवलेल्या दैहानावर (गावची गुरं जमण्याची जागा) कारखान्याची भिंत उभी होती आणि भिंतीबाहेर भट्टीतल्या काळ्या खड्यांचे ढीग. चहाच्या टपरीवर एक म्हातारा बसला होता, पूर्वीचा गुराखी. ताईंनी त्याला रानमुगाचं विचारलं.

"रहिस दीदी. अब तो गरुवा मन घलो नइ आवँय," तो म्हणाला. (होता ताई. आता गुरंसुद्धा येत नाहीत.)

तरीही आम्ही भिंतीच्या कडेने तासभर फिरलो. रानमुगाचा एक वेल दिसला नाही.

"पाकिटावर पत्ता लिहून ठेवला होता मी," परतताना ताई म्हणाल्या. "पत्ताच नाही राहिला."

संध्याकाळी मी पाणथळीतला नमुना घेतला, कारण त्यात बी जास्त होतं. मुरमाडावरचा तिथेच ठेवला. ताईंनी तो पुन्हा ओळीत लावला.

पुण्याला परतल्यावर ओल्या कागदात बी रुजत घातलं. सिलतऱ्याचं एकही रुजलं नाही. पाणी आत शिरावं म्हणून टरफल घासून पाहिलं, तरी नाही. शेवटी दुसऱ्या नमुन्याचं विचारायला ताईंना फोन केला. शीतगृहाची वीज तोवर तोडली गेली होती.

"तो दुसरा मी घरी आणला," त्या म्हणाल्या. "कुंडीत टाकून पाहून राहिली. अजून तरी काही नाही. पाणी देत राहीन."

नियमाप्रमाणे माझी निवड आजही बरोबरच आहे. पण तेव्हा दुसरं पाकीटही उचललं असतं, तर मला कुणी जाब विचारला नसता.