गार चहा

कांदिवलीच्या त्या हॉस्पिटलात पूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनला मुक्काम पडायचा. आता पेशंटचं उगाच ताटकळणं काढून टाकून त्यांनी सगळं झकास बसवलंय: सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घर. शेवटी चहा द्यायचा. तो पोटात टिकला की सुट्टी.

मी गटागट प्यायले. शेजारच्या खाटेवरची मालवणी मावशी मात्र कप दोन्ही हातांत धरून नुसतीच बसली होती.

"मावशी, घ्या ना. गार होतोय."

ती हळूच म्हणाली, "चाय पियालंय की घराक धाडतले. घराक गेल्यार चाय माकाच करूची लागतली."

सकाळपासून आम्हाला घाई करणाऱ्या सिस्टरने ते ऐकलं. तिने मावशीच्या हातातला कप काढून घेतला, चादर गळ्यापर्यंत ओढली.

"गार झालाय हा. दुसरा सांगते. यायला वेळ लागेल हं, पडा तोवर."