वाफेची बोट आणि आमचे जाणकार

दोष आबांचा. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आमच्या न्हावऱ्यात आता प्रत्येक जण वेगळंच सांगतो. धातू कातायच्या लेथखाली कीस साचावा तसे आमच्या शेडमध्ये किस्से साचतात, आणि झाडायची वेळ आली की सगळे वडीलधारे चहाला जातात.

आबा म्हणजे माझे वडील. मी डिप्लोमा अर्धवट सोडला, तेव्हापासून शेडमधला जुना लेथ त्यांच्या डोळ्यांत खुपत होता. त्यात मी जोडायच्या छोट्या लाकडी मॉडेल बोटीचं किट आणलं. त्यात बॅटरीची मोटर बसते. मला खरं वाफेचं इंजिन बसवायचं होतं, त्याच लेथवर बनवलेलं, तांब्याच्या छोट्या बॉयलरवर चालणारं.

आबा म्हणाले, "बोट शेततळं पार करून गेली, तर लेथ तुझा. न्हाई गेली, तर इकला."

*

बॉयलर बसवला आणि बोट मागून दबली, नाक वर. चुलते आले, आप्पा. जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस.

"उलाळ झालीया. वजन पुढं घे."

घेतलं. बोट नाकावर पाण्यात गेली.

"आता धुरजड झाली."

"मग करू काय?"

"गाडी असती तर बैलांनी धरली असती."

एवढं ज्ञान देऊन आप्पा जेवायला गेले.

*

खुटबावचे मामा गुऱ्हाळवाले. माझा स्पिरिटचा बर्नर बघून म्हणाले, "ही कसली रं भट्टी? पणती हाय ही."

मी पक्कड शोधायला वळलो, तेवढ्यात त्यांनी बॉयलरखाली उसाची चिपाडं कोंबली. वाफ झाली. डेकही पेटला.

"मामा, बोट लाकडाची आहे!"

"मग जळाण आयतंच हाय की."

नवा डेक मी कापला. वाफ आपणच काढून दाखवली, हे मामांनी गावभर सांगितलं.

*

शेडमध्ये इंजिन पहिल्यांदा फिरलं, तेव्हा आबांचे एक दोस्त बसले होते. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "ह्याच्यावर किती एकर भिजंल?"

"एकही नाही."

"मग एवढा आवाज कशाला करतंय?"

*

शेततळ्यावर अर्धं गाव जमलं. बोट सरळ तरंगत होती. दाब वाढला की जादा वाफ सोडायला बॉयलरवर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तो फुसफुसत होता. म्हणजे सगळं ठीक होतं.

आबांना म्हटलं, "मी पलीकडं जातो. हात केला की सोडा. बाकी काही करू नका."

मी हात केला, आबांनी सोडली. अशी सुटली की मीच चाट पडलो. पण फुसफुस ऐकू येईना.

"आबा, वाफ का बंद झाली?"

"गळत हुतं. बांधलं."

ठिबकची नळी गळली की सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळायची, आयुष्यभर हेच केलेलं. व्हॉल्व्हलाही तेच.

मध्यावर धडाका झाला. बोट तिथंच बुडाली. बॉयलर मात्र उडाला आणि माझ्या पायाशी येऊन पडला.

"आबा, बॉयलर आला की पार."

आबा पलीकडून शांतपणे म्हणाले, "ठरलं बोटीचं हुतं."

आप्पांनी मान डोलावली. मामांनीही.

लेथ विकला. मी आता शिक्रापूरला कंपनीत पॅकिंगला आहे.