मुठीतल्या अक्षता

स्नेहलतागंज मोहल्ल्यात वटपौर्णिमेची कथा सांगावी ती द्वारकाबाईंनीच. बेचाळीस वर्षं. बायका मुठीत अक्षता घेऊन बसतात, कथा संपली की मगच मूठ उघडायची. आणि कथेतला नवरा जंगलात झाडाखाली गतप्राण झाला, की तिथे थांबायचं नाही. घोटभर पाण्यालाही नाही. हा नेम बाईंनीच घातलेला. रेल्वेतून रिटायर झालेले त्यांचे यजमान चिंतामणराव घरी चिडवायचे, "दरसाल मारतेस बिचाऱ्याला. एखाद्या वर्षी छुट्टी दे."

यंदा नेमका त्याच जागी फोन वाजला. मुलगा, सुजय. बाबांच्या छातीत दुखलं, दवाखान्यात आणलंय, लगेच ये. बाई उठल्या. ऑटो जाममध्ये अडकली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं: तो अजून जंगलातच पडलाय. आपण त्याला तसाच टाकून आलो.

दवाखान्यात काचेच्या दारामागे चिंतामणरावांची अँजिओप्लास्टी चालली होती. डॉक्टर काही सांगत नाहीत, सुजय म्हणाला. बाईंची उजवी मूठ अक्षतांसकट अजून वळलेलीच. डाव्या हाताने त्यांनी कथेला बसलेल्या शेजारणीला, इंदिराला फोन लावला.

"बायका गेल्या का ग?"

"कशा जातील? मुठी बंद आहेत सगळ्यांच्या. चाय पण नाही घेतली कोणी."

"स्पीकरवर टाक."

भिंतीला टेकून त्यांनी कथा उचलली. यम पुढे, ती मागे. यम म्हणतो, परत फीर. ती म्हणते, सात पावलं बरोबर चालला तो सोबती, आता तुम्हीही माझे सोबती. दरवर्षी हे त्या ठसक्यात म्हणायच्या. आज आवाज फाटला.

"घाबरली होती ग ती," त्या म्हणाल्या. "खूप घाबरली होती."



तिसरा वर मागून होतोय तोच नर्सने दार उघडलं. "चिंतामणजी के साथ कौन है?" सुजय पुढे झाला. बाईंनी डोळे मिटून घेतले आणि जंगलातला तो उठून बसेपर्यंत बोलत राहिल्या. मगच वर बघितलं.

"आई, बाबा ठीक आहेत. विचारतायत, कथा अधुरी टाकून आलीस का."

"उघडा ग मुठी," बाई फोनमध्ये म्हणाल्या.

त्यांची स्वतःची मात्र उघडेना. बोटं आखडली होती. सुजयने ती एकेक करून सोडवली.