फाईल पुसली गेली तेव्हा शेवाळे सर रजेवर होते

श्री. विलास शेवाळे सरांच्या पहिल्या भेटीतलं मला काय आठवत असेल, तर त्यांची पाठ. दहा वर्षांपूर्वी आपल्या शिक्षणसंस्थेच्या सांगलीच्या मुख्य कार्यालयात मी तात्पुरत्या नेमणुकीवर रुजू झाले आणि मला तिसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या पार टोकाला असलेल्या सर्व्हरच्या खोलीत पाठवण्यात आलं. सरांनी खुर्ची पुढे केली, काळ्या पडद्यावर माझं नाव टाईप केलं, "आता तुमचा पासवर्ड तुम्ही घाला" असं म्हणाले आणि उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी टाईप करतेय, पण पडद्यावर अक्षर उमटायला तयार नाही. मला वाटलं कीबोर्ड बिघडला, म्हणून बटणं बडवायला लागले. मागे न वळता सर म्हणाले, "दिसणार नाही. पण जातंय. घाला." दोनदा माझं चुकलं, तिसऱ्यांदा जमलं, तोवर ते तसेच भिंतीकडे बघत उभे. कसला चमत्कारिक माणूस गळ्यात पडलाय, असं मला तेव्हा वाटलं होतं.

सरांच्या साठीच्या या गौरवग्रंथाचे बहुतेक वाचक सरांना फोनवरच्या आवाजाने ओळखतात, म्हणून त्यांचं काम थोडक्यात सांगते. सातारा-सांगलीकडच्या आपल्या सगळ्या शाखांचे गुण, परिपत्रकं आणि सराव परीक्षांचे पेपर संस्थेच्या वेबसाईटवर असतात. तिथे आत कुणाला सोडायचं हे एका साध्या फाईलवर ठरतं. एका ओळीत एक नाव, आणि नावापुढे अगम्य अक्षरांची रांग. पासवर्ड घातला की कमांड, म्हणजे कॉम्प्युटरला टाईप करून दिलेला हुकूम, त्याची अशी रांग करून टाकते, आणि त्या रांगेवरून मूळ पासवर्ड कुणालाही, अगदी सरांनाही, काढता येत नाही. विसरला तर नवा घालायचा, एवढाच उपाय. लष्करात सतरा वर्षं संदेशवहनाचं काम करून आलेल्या शेवाळे सरांनी ही फाईल पहिल्या ओळीपासून उभी केली आणि निवृत्तीपर्यंत एकट्यानं सांभाळली.

आता मुद्द्याचं बोलते. आपल्या मंडळींत सरांचा विषय निघाला की दोन मिनिटं कौतुक होतं आणि मग कुणीतरी हळूच म्हणतं, "माणूस सोन्यासारखा, पण बायको गेल्यापासून लक्ष उडालं होतं हो. शेवटी शेवटी सगळी फाईलच घालवली." हे मी दोन वर्षं ऐकत आले आहे. लग्नात ऐकलं, निरोप समारंभात ऐकलं, एकदा तर उंब्रजच्या स्टँडवर ऐकलं. हे खोटं आहे. सरांचा गौरव बाकीचे लेखक माझ्यापेक्षा छान करतील. मी लिहायला होकार दिला तो एवढं खोटं खोडून काढायला.

सर कमांड टाईप करत आणि एंटर मारण्याआधी ती पूर्ण ओळ मोठ्यानं वाचत. पडद्यावर बोट ठेवून, अक्षर न् अक्षर. आलेला संदेश परत म्हणून दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही लष्करातली सवय. मला हसू यायचं. खोलीत आम्ही दोघंच, आणि हे कुणाला वाचून दाखवताहेत? तेव्हाच्या सचिवांनी एकदा एका मुख्याध्यापकांचा पासवर्ड मागितला होता. सर म्हणाले, मला माहीत नाही साहेब. तुम्हीच दिलात ना, असं सचिव म्हणाले. तर सर म्हणाले, दिला नाही, त्यांनी स्वतः घातला, मी भिंतीकडे बघत होतो. सचिवांना ती चेष्टा वाटली आणि ते रागावून निघून गेले. सरांना चेष्टा करता येत नाही हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

खंडाळ्याच्या शाखेत एक शिक्षक होते. घर कुंडलला, बायको-मुलं तिकडे, आणि हे भाड्याच्या खोलीत. दर सोमवारी त्यांचा फोन यायचा, "आवं सर, इसरलो बगा परत." सर नवा पासवर्ड घालून द्यायचे आणि मग दहा-पंधरा मिनिटं दोघं उसाला पाणी, पोरांचं शिक्षण असं काहीबाही बोलत बसायचे. एकदा न राहवून मी म्हटलं, सर, हा माणूस विसरत बिसरत नाही, तुमचा वेळ खातो. सर म्हणाले, "मला कळतंय गं ते. पण त्याला फोन करायला कारण लागतंय, आणि माझ्याकडं हे एवढंच कारण आहे द्यायला." त्या शिक्षकांची बदली होईपर्यंत दर सोमवारी नवा पासवर्ड घातला गेला.

सुमनकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, डब्यात माझ्यासाठी जास्तीची भाकरी घालायच्या. मी सांगलीत एकटी राहते हे त्यांना सरांकडून कळलं होतं. त्यांचं आजारपण तीन महिन्यांत आटोपलं. त्यानंतर सर सकाळी आठलाच कार्यालयात येऊन बसायला लागले. मुलगा सैन्यात, सीमेवर. सांगलीतल्या भाड्याच्या घरी करायचं काय, हा प्रश्न त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, पण सुट्टी आली की त्यांचा चेहरा पडायचा, हे मी बघत होते. निवृत्ती तोंडावर आली होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती आणि चांगल्या माणसाला साठीपर्यंत मुदतवाढ, अशी आपल्याकडची पद्धत. "दोन वर्षं मिळतील," ते म्हणायचे. "तेवढ्यात एकटं राहायची सवय होईल." संस्थेच्या ज्या बैठकीत ही मुदतवाढ ठरायची, त्याच बैठकीपुढे माझी नोकरी कायम करण्याचा कागदही जायचा होता. आठ वर्षं मी तात्पुरतीच होते.

काकूंच्या वर्षश्राद्धाला सर रजा घेऊन उंब्रजला, आपल्या गावी गेले. त्या दिवशी कुंडल शाखेच्या नव्या क्लार्कचं नाव फाईलमध्ये घालायचं होतं. साधं काम. मी सरांच्या अगदी जुन्या टिपणाचा कागद समोर ठेवला आणि त्यावरची कमांड जशीच्या तशी उतरवली. ते टिपण फाईल पहिल्यांदा तयार करतानाचं होतं. त्या कमांडीत 'सी' हे एक अक्षर जास्त होतं, आणि ते असलं की जुनी फाईल जाते आणि कोरी नवी तयार होते. कमांड विचारतही नाही, बाई, नक्की ना? मी ओळ वाचली नाही. एंटर मारलं. क्षणात आपल्या साऱ्या संस्थेत आत जाऊ शकणारा एकच माणूस उरला, कुंडलचा नवा क्लार्क, आणि त्याला अजून कॉम्प्युटरसुद्धा मिळाला नव्हता.

एवढ्यावर निभावलं असतं. सर दर शनिवारी फाईलची एक प्रत बाजूला ठेवत. ती प्रत आणून बसवायची, झालं. पण मला घाई झाली होती. नक्कल करताना आधी 'कुठून' लिहायचं आणि मग 'कुठे'. मी उलटं लिहिलं, आणि ती एकाच नावाची फाईल चांगल्या प्रतीवर चढवली. पहिल्या सत्राचे गुण भरायचा तो शेवटचा दिवस होता. खाली फोन वाजायला लागले. मी सरांना फोन लावला आणि नुसती रडले.

जेवणाची पंगत बसत असताना सर उठले, मिळेल त्या एसटीनं निघाले आणि दुपारी तिसऱ्या मजल्यावर आले. कपाळावरचं गंध तसंच होतं. पडदा बघितला, मला विचारलं, जेवलीस का? नाही म्हटल्यावर काकूंच्या श्राद्धाचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः फोन ओढून बसले. सचिवांचा निरोप आला, सगळ्यांना एकच पासवर्ड देऊन मोकळे व्हा. सरांनी नाही म्हणून कळवलं. दोन दिवस ते एकेका शाखेला फोन करत राहिले. आवाज ओळखायचे, नवा पासवर्ड द्यायचे, पुढचा नंबर फिरवायचे. खालून एक माणूस वर बघायला आला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी खुलासा लिहिला. उंब्रजहून इंटरनेटची जोडणी करून काम करत असताना फाईल आपल्याच हातून पुसली गेली, असा. मी म्हटलं, सर, हे खोटं आहे. ते म्हणाले, "तुझा कागद आधी जाऊ दे. माझं काय, मला फरक पडत नाही." आणि मी गप्प बसले. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली: मी गप्प बसले. त्या बैठकीत माझी नोकरी कायम झाली आणि सरांची मुदतवाढ नाकारली गेली. श्राद्धाच्या दिवशी मन थाऱ्यावर नसताना कामाला हात लावला, असं कारण तोंडी दिलं गेलं. म्हणजे काकूंच्या जाण्याचं निमित्त करून दोष सरांच्या माथी मारला गेला.

निवृत्तीच्या दिवशी समारंभ झाल्यावर सर वर आले. फाईलमधून आपलं नाव काढायची कमांड त्यांनी स्वतः टाईप केली, बोट ठेवून मोठ्यानं वाचली आणि एंटर मारलं. मग किल्ल्या दिल्या आणि जिना उतरून गेले. त्यानंतर मी त्यांना एकदाही फोन केला नाही. लाज वाटायची, दुसरं काय. त्या खोलीत आता मी एकटीच असते. आणि हो, कमांड मोठ्यानं वाचते. ऐकायला कुणी नसतं.

या लेखासाठी पत्र आलं तेव्हा मात्र मी उठून उंब्रजला गेले. हायवेपासून आत दोन खोल्यांचं घर. सरांनी स्वतः चहा केला. कप दोनच होते आणि त्यातला एक बहुधा बरेच दिवस वापरात नव्हता, कारण त्यांनी तो पुन्हा पुन्हा विसळला. गावी राहून त्यांची भाषाही गावची झाली आहे. मी म्हटलं, सर, मी सगळं लिहिणार आहे. ते म्हणाले, नको, तुझी नोकरी हाय. मी म्हटलं, असू दे.

"तवा मला खरंच वाटलं हुतं," ते म्हणाले, "की मला काय फरक पडतोय. सुमन गेली, आता नोकरी ऱ्हायली काय न् गेली काय." कप खाली ठेवला. "पण पडला गं. लय फरक पडला. सकाळी उठून जायला कुटं न्हाई, आन् दिवसभर कुणाला माझं काम न्हाई."

मी दोन्ही कप उचलून विसळून ठेवले. निघताना त्यांनी मला स्टँडपर्यंत सोडलं.

तर मंडळी, त्या दिवशी सर रजेवर होते. फाईल मी पुसली, प्रतही मीच पुसली. सरांचं लक्ष काकूंच्या जाण्यानंतरही जागेवरच होतं. नसतं, तर दोन दिवसांत तुमच्यापैकी कुणीही परत आत गेला नसता. हा मजकूर संपादकांना देण्याआधी मी सही करून संस्थेला दिला आहे. पुढे जे व्हायचं ते होईल.

शेवाळे सर, तुमची प्रकृती ठणठणीत राहो, गुडघे साथ देवोत, मुलाला लवकर जवळची बदली मिळो. या ग्रंथात तुमच्यासाठी शंभर वर्षं तर सगळेच मागतील. मी एकशे दोन मागते. वरची दोन कशाची, ते आता सगळ्यांना कळलं आहे.