उस्तादांची जीभ

आमच्या किचनमध्ये रोज दोन गोष्टी साचतात, खरकटं आणि किस्से. खरकटं सकाळी गाडी घेऊन जाते. किस्से मात्र मुरत पडतात.

पवनारच्या अलीकडे, नागपूर रोडवर आमचं हॉटेल. मी तिथं सूशेफ. म्हणजे मुख्य शेफ उस्ताद, आणि ते ज्या व्यक्तीवर ओरडतात ती मी! पॉलिटेक्निक मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. तिथले सरही ओरडायचे, पण त्यांना रस्सा येत नव्हता.

*

पहिल्या दिवशी उस्तादांनी विचारलं, "शिकली किती?"

"अर्धवट."

"बेस झालं. अर्धी मास्तरनं बिघडवली, बाकीची मी बिघडवतो."

*

माझे बाबा देवळीला किराणा दुकान चालवतात. पाहुण्यांना सांगतात, "पोरगी मॅनेजमेंटमधी आहे." आणि मला लहानपणी शिकवलं काय, तर नेहमी खरं बोलावं!

एकदा मामा न सांगता जेवायला आले, ते थेट किचनच्या दारात. मी भल्यामोठ्या कढईत बेसन घोटत होते, घाम नाकावरून टपकत होता.

"काऊन वं, मॅनेजमेंटले इतका घाम येते?"

"येते मामाजी. बसा, मॅनेजमेंट तुम्हाले झुणका वाढते!"

*

एका बड्या गिऱ्हाइकानं उस्तादांना टेबलापाशी बोलावून घेतलं. "पाटोडी रस्सा तिखटच नाई हो तुमचा!"

उस्तादांनी खांद्यावरचा दुपट्टा त्याच्यापुढे धरला. "आधी टक्कल पुसा, मंग बोला."

*

रस्सा उतरवण्याआधी मी चाखायचा, हा उस्तादांचा नियम. "सांग, काय कमी आहे?" मला वाटायचं, म्हातारा रोज परीक्षा घेतो. एक दिवस डोकं फिरलं. रश्श्यात मिठाचा कण नव्हता, तरी म्हटलं, "काहीच कमी नाई."

उस्तादांनी चमचा तोंडात घातला. डोळे मिटले. "वा! जमला."

मी गुपचूप रश्श्यात मीठ टाकलं. सगळे पांगल्यावर विचारलं, "कधीपासून?"

"तापानंतर. जे खाईन ते मातीच लागते."

"डॉक्टर काय म्हणते?"

"म्हणते, चव येईन हळूहळू. त्याचं काय जाते!"

"आन मालकाले समजलं तर?"

"तर मी घरी, आन तू माह्या जागेवर. जा न, सांगून ये."

या म्हाताऱ्यांचं हेच डोक्यात जातं. भांडायला जावं, तर स्वतःची मान पुढे करतात! मी म्हटलं, "तुमची जागा मले नको. तिथं पंखा नाई."

त्या दिवसापासून त्यांची जीभ मी. शिव्या मात्र त्यांच्याच.

*

पण हॉटेलात कुठली गोष्ट झाकून राहते? मालकांच्या कानावर गेलीच. एका लग्नाची ऑर्डर सुरू असताना ते किचनमध्ये आले आणि रश्श्याच्या दोन वाट्या ओट्यावर ठेवल्या. सगळे हातातलं काम टाकून उभे.

"उस्ताद, एका वाटीत मीठ नाई. कोणती ते सांगा. नाई सांगता आलं, तर उद्यापासून घरी आराम करा." मग माझ्याकडे वळले, "तू तोंड उघडू नको."

मला कढईखालचा गॅस बंद करायचंही सुचलं नाही.

उस्तादांनी हात जोडले. "मालक, माह्या गुरूचा नेम आहे. अन्नदात्याच्या आधी आपण तोंड लावत नाई. आधी तुम्ही घ्या."

अन्नदाता म्हटल्यावर मालक फुगले. उजव्या वाटीचा घोट घेतला, मग डाव्या वाटीचा. उस्ताद वाट्यांकडे पाहतच नव्हते. मालकांच्या तोंडाकडे पाहत होते.

"डावीकडची फेका."

मालक थक्क! "पण तुम्ही तर चाखलीच नाई!"

"गरज काय?"

आता लग्नाची पार्टी बुकिंगला आली की मालक छाती काढून सांगतात, "आमचे उस्ताद चाखत बी नाईत हो, नुस्तं पाहून सांगतात!"